मलिक अंबर : खडकीला पाणी देणारा वजीर

आजच्या छत्रपती संभाजीनगरला इतिहासात अनेक नावे लाभली. खडकी, फतेहनगर, औरंगाबाद अशी ही परंपरा आहे. नावे राज्यकर्त्यांनी बदलली; पण या खडकाळ, कोरड्या माळावर मोठे शहर वसू शकेल, अशी सोय ज्याने प्रथम केली तो पुरुष ना या मातीत जन्मला होता, ना राजघराण्यात. आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला आणि दख्खनच्या राजकारणाचा सूत्रधार झालेला मलिक अंबर हा तो पुरुष होय. मोगलांना सतत झुंजविणारा गनिमी काव्याचा सेनानी म्हणून तो सर्वांना परिचित आहे. मात्र त्याच्या कारभाराचे मोजमाप करायचे तर रणांगणाइतकेच जमिनीखालून वाहणाऱ्या नहरीकडेही पाहावे लागते.

अंबरचा जन्म १५४८च्या सुमारास इथिओपियात झाला. त्याचे मूळ नाव चापू असे सांगितले जाते. बालपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती सापडला आणि अरबस्तानातील मोखा बंदरातून बगदादपर्यंत पोहोचला. तेथे मीर कासिम नावाच्या धन्याने त्याची बुद्धी ओळखून त्याला लिहिणे, वाचणे आणि हिशेब यांचे शिक्षण दिले. अंबर हे नावही त्यानेच ठेवले. पुढे दख्खनमध्ये त्याला अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने विकत घेतले. चंगीजखान स्वतः एकेकाळचा हबशी गुलाम होता. त्याच्या पदरी राहून अंबरने दरबाराची रीत, फौजेची व्यवस्था आणि महसुलाचे बारकावे आत्मसात केले.

अहमदनगरात त्याच्या डोळ्यांसमोर आणखी एक विद्या होती. डोंगरपायथ्याच्या विहिरींतील पाणी खापरी नळांतून शहरात, महालांत आणि बागांत खेळविण्याची कला निजामशाहीने चांगलीच विकसित केली होती. बगदादसारख्या शहरात वाढलेल्या या तरुणाला पाण्यावाचून राजधानी उभी राहत नाही, हे वेगळे सांगण्याची गरज नव्हती.

१५७०च्या दशकाच्या मध्यास चंगीजखानाचा मृत्यू झाला आणि त्याच्या विधवेने अंबरला गुलामीतून मुक्त केले. काही काळ विजापूरकरांकडे चाकरी करून तो निजामशाहीत परतला. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला तेव्हा राज्य संपल्यातच जमा होते. अंबरने राजवंशातील एका तरुणास मुर्तजा निजामशहा म्हणून गादीवर बसविले आणि परांड्याहून राज्याची नव्याने जुळवाजुळव सुरू केली. राजधानी पुढे जुन्नरला आणि तेथून दौलताबादला गेली. हा प्रवास निष्कलंक नव्हता. १६१० मध्ये मुर्तजाचा अंत झाला, त्यामागे अंबरचाच हात होता, असे मानले जाते. नवा सुलतान वयाने लहान होता आणि सत्तेची सर्व सूत्रे वजिराच्या हाती आली.

याच सुमारास दौलताबादजवळील खडकी या गावाला त्याने राजधानीचे रूप देण्यास प्रारंभ केला. १६१२ मध्ये उभारलेला भडकल दरवाजा आजही त्या काळाची साक्ष देत उभा आहे. पण जागेचा दोष उघड होता. खाम नदी बारमाही भरवशाची नव्हती. फौज, कारागीर, व्यापारी, जनावरे यांचा भार काही आडांवर पेलणारा नव्हता. त्यात शत्रू दाराशी होता. १६१६ मध्ये रोशनगावच्या लढाईत अंबरचा पराभव झाला आणि मोगल फौजेने खडकी जाळून बेचिराख केली. पुढच्या वर्षी शहाजादा खुर्रम दख्खनमध्ये उतरला. अंबरला तह करून अहमदनगरचा किल्ला आणि बालाघाटचा मुलूख सोडावा लागला.

परंपरेने नहरीच्या कामाचा प्रारंभ याच १६१७ या वर्षी झाला, असे सांगितले जाते. पराभूत, मुलूख गमावलेल्या आणि राजधानी जळालेल्या वजिराने खजिन्यातील पैसा जमिनीखाली पुरावा, हे दरबारातील काहींना वेडेपणाचे वाटले असल्यास नवल नाही. सुमारे अडीच लाख रुपये खर्च आणि पंधरा महिन्यांचा अवधी, असा या कामाचा हिशेब सांगितला जातो. ती पुढे नहर-ए-अंबरी म्हणून ओळखली जाऊ लागली.

या नहरीची रचना साधी, पण अत्यंत विचारपूर्वक होती. शहराच्या उत्तरेस हर्सूलच्या बाजूला डोंगरपायथ्याशी भूगर्भातील झरे हेरून तेथे विहिरी खोदण्यात आल्या. खडकातून झिरपणारे पाणी भुयारी मार्गात जमा होई आणि बेताच्या उतारावरून आपल्याच वेगाने शहराकडे चालू लागे. ठरावीक अंतरावर मनुष्य उतरू शकेल अशी तोंडे ठेवलेली होती. त्यांतून गाळ काढता येई आणि हवाही खेळती राही. गोमुखापाशी आलेले पाणी पुढे खापरी नळांतून निरनिराळ्या वस्त्यांत विभागले जाई. नळांतील दाब आणि कोंडलेली हवा यांचा निचरा करण्यासाठी जागोजागी दगडी मनोरे बांधलेले होते. पुण्यात पेशव्यांच्या कात्रजच्या नळाला जे उच्छ्वास होते, त्यांचेच हे थोरले भाऊबंद म्हणता येतील.

अशा व्यवस्थेला पाणी उपसण्याचा खर्च नव्हता. खडक आणि वाळू यांतून गाळून आलेले पाणी बंदिस्त मार्गाने येत असल्याने त्याची नासाडी व घाण दोन्ही टळत. खर्च होता तो एकदाच, बांधणीचा. आणि त्यानंतर दरवर्षी, गाळ काढण्याचा. पहिला खर्च राज्याने उचलला. दुसऱ्या खर्चाकडे पुढच्या पिढ्यांनी जितके लक्ष दिले, तितके दिवस पाणी वाहिले. दुसरा फायदा लष्करी होता. भुयारातील पाणी जाळता येत नव्हते. १६२१ मध्ये मोगलांनी खडकीची पुन्हा धूळधाण केली, तरी नहर पुढील शहराच्या उपयोगी पडली.

योगायोग असा की, ज्या खानखानान अब्दुर्रहीमशी अंबर वर्षानुवर्षे झुंजत होता, त्याच्याच कारकिर्दीत बऱ्हाणपुरातही त्याच सुमारास कुंडी भंडाऱ्याची भुयारी योजना आकाराला आली. रणांगणावरचे दोन प्रतिस्पर्धी एकाच कोरड्या पठारावर एकाच उपायाने आपापली शहरे जगवीत होते.

पाण्याइतकीच अंबरची जमिनीवरील व्यवस्थाही टिकाऊ ठरली. महसुलाचा मक्ता देण्याची पद्धत त्याने मोडीत काढली. जमिनीची प्रत आणि प्रत्यक्ष पीक पाहून धारा ठरविण्यात आला. प्रथम धान्याच्या रूपाने आणि पुढे रोख रकमेत. मिरासी हक्क मानले गेले, पाटील-कुलकर्णी यांची जबाबदारी निश्चित झाली. उत्पन्न ज्याचे जितके त्याचा वाटा तितका, आणि पीक बुडाले तर धाराही उतरावा, हे त्यामागचे सूत्र होते. त्याच्या पश्चात मराठी मुलखात मलिकंबरी धारा हा शब्द दीर्घकाळ प्रमाण म्हणून वापरात राहिला. मालोजी आणि शहाजी भोसले यांच्यासारखे मराठे सरदार त्याच्या फौजेत वाढले. १६२४ मध्ये भातवडीला त्याने मोगल आणि विजापूरकर यांच्या एकत्रित फौजांचा दणदणीत पराभव केला. त्या लढाईत भोवतालची वाट पाण्याने चिखलमय करून त्याने शत्रूची हालचाल रोखली. पाणी त्याच्या हाती शस्त्रही झाले ते असे.

१६२६च्या मे महिन्यात, ऐंशीच्या घरात पोहोचलेल्या मलिक अंबरचे निधन झाले. खुलताबादेत त्याची कबर आहे. त्याचा मुलगा फतेहखान याने शहराला स्वतःचे नाव दिले, पण त्याला ना राज्य सांभाळता आले ना शहर. १६३६ मध्ये निजामशाही लयास गेली. १६५३ मध्ये दख्खनचा सुभेदार म्हणून आलेल्या औरंगजेबाने येथेच मुक्काम ठोकला. जहांगीरने ज्या अंबरचा आयुष्यभर द्वेष केला, त्याच्याच नहरीच्या आधारावर जहांगीरच्या नातवाचे शहर विस्तारले. नव्या पुरांसाठी नव्या नहरी खोदल्या गेल्या.

त्यांपैकी पाणचक्कीची नहर या कथेत विशेष महत्त्वाची आहे. सुमारे सहा किलोमीटर अंतरावरून आलेले पाणी उंच भिंतीपर्यंत चढवून चक्कीच्या पात्यांवर सोडण्याची ही योजना १७४४ मध्ये पूर्ण झाली. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील फकीर, अनाथ आणि वाटसरू यांच्यासाठी येथे दळण होई. आजच्या भाषेत हे शहरातील एक औद्योगिक ग्राहकच होय. पण चक्कीने पाण्यातील शक्ती तेवढी घेतली. पाणी हौदात उतरून पुढे वापरात राहिले.

विसाव्या शतकात शहराचे पोट मोठे झाले. चिकलठाणा आणि पुढे वाळूजच्या औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. १९७६ मध्ये लोकार्पण झालेल्या जायकवाडी धरणाकडे साऱ्यांचे डोळे लागले. उताराने येणाऱ्या पाण्याची जागा पैठणहून पंपांनी चढवून आणलेल्या पाण्याने घेतली. त्यावर विजेचा, तुरटी व क्लोरीनचा, जलवाहिन्यांच्या गळतीचा खर्च चढू लागला आणि तो कोणी सोसायचा, हा प्रश्न दरवर्षी तीव्र होत गेला. राज्यात २००५च्या कायद्याने स्थापन झालेले जलसंपत्ती नियमन प्राधिकरण घाऊक पाण्याचे दर ठरविते. त्यात घरगुती वापरापेक्षा उद्योगांना अधिक दर आहे आणि पाणी हाच ज्यांचा कच्चा माल आहे, अशा मद्य व बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यांना त्याहूनही अधिक. चक्कीने पाणी वापरून सोडणे आणि कारखान्याने ते बाटलीत भरून बाहेर पाठविणे, यांतला भेद या दरपत्रकाने मान्य केला आहे.

तरीही दर म्हणजे पाणी नव्हे. २०१६च्या भीषण दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात निम्म्याहून अधिक आणि अन्य उद्योगांच्या पाण्यात लहान कपात करण्याचा आदेश द्यावा लागला. धरण आटले की कोणाची तहान आधी, हे पैशाने ठरत नाही, असाच त्याचा अर्थ होता. त्याच वर्षी महापालिकेने शहराचा पाणीपुरवठा खासगी कंपनीकडे सोपविण्याचा करार रद्द केला. २०१४ मध्ये सुरू झालेला तो प्रयोग वाढती पाणीपट्टी आणि न मिळणारे पाणी यांच्या वादात बुडाला. त्यानंतर मोठ्या नव्या योजनेची पायाभरणी २०२० मध्ये झाली. दरम्यान शहराने अनेक उन्हाळे काही दिवसांआड येणाऱ्या नळावर काढले.

आजच्या लोकसंख्येला अंबरची नहर पुरणार नाही, हे उघड आहे. बांधकामांखाली तिची तोंडे बुजली, नळ फुटले, गाळ साचला. तरी तिच्या काही शाखांतून शतकानुशतके पाणी वाहत राहिले, ते सवंग म्हणून नव्हे. ज्याने ती बांधली त्याने बांधणीचा भार राज्यावर घेतला, उताराचा आणि झऱ्यांचा हिशेब आधी केला आणि गाळ काढण्यासाठी माणसाला उतरता येईल एवढी वाट ठेवली. धारा ठरविताना पीक पाहणारा हा वजीर पाणी देतानाही आधी जमीन पाहत होता. नवी जलवाहिनी कितीही मोठी आली, तरी तिच्या देखभालीचा आणि तिच्या खर्चाच्या वाटणीचा प्रश्न शहराला स्वतःच सोडवावा लागेल.