विहिरीचं पाणी उपसायला घरीच वाफेचं इंजिन बांधणारा मुंबईकर पुढे गोऱ्या इंजिनिअरांचा साहेब झाला

मुंबई-गोवा हायवेवर पेण गेलं, वडखळ मागे पडलं की कासू येतं. या रस्त्याने किती गाड्या खिळखिळ्या केल्यात हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. पण समजा खड्ड्यांतून गाडी वाचली आणि इंजिनातूनच टकटक असा आवाज यायला लागला, तर?

मेकॅनिक टॅपेट कव्हर उघडतो. आत ओळीने बसवलेले छोटे लोखंडी हात दिसतात. हेच रॉकर आर्म. बागेतल्या सी-सॉसारखं त्यांचं काम असतं. एक टोक वर उचललं गेलं की दुसरं टोक खाली जाऊन व्हॉल्व्ह उघडतं.

इंजिन घरी खोललं की खरी गंमत परत बांधताना येते. हजारो किलोमीटर चालून प्रत्येक रॉकर आपापल्या व्हॉल्व्हच्या टोकाशी घासून जुळलेला असतो. म्हणून जाणकार माणूस पुठ्ठ्यावर नंबर टाकतो आणि ज्या जागेचा रॉकर त्याच जागी परत बसवतो. तेल लावतो, बोल्ट एकदम न आवळता ठरलेल्या क्रमाने थोडे थोडे आवळतो. शेवटी त्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना फिलर गेज घालून फट मोजतो. फट जास्त राहिली तर टकटक होते. कमी राहिली तर व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि व्हॉल्व्ह जळतो.

थोडक्यात काय, तर इंजिन खोलणं कुणालाही जमतं, पण बांधणं कसबाचं काम आहे.

जवळपास दोनशे वर्षांपूर्वी मुंबईत एका माणसाने हे कसब घरच्या अंगणात कमावलं होतं. तेव्हा पेट्रोल-डिझेलची इंजिनं नव्हती. शिकवणारं कॉलेज नव्हतं. सुटे भाग मिळणारं दुकानही नव्हतं. त्या माणसाचं नाव अर्देशीर कर्सेटजी वाडिया.

अर्देशीर यांचा जन्म 6 ऑक्टोबर 1808 चा. घराणं जहाजं बांधणाऱ्या वाडियांचं. त्यांचे पूर्वज लवजी नसरवानजी वाडिया 1730 च्या दशकात सुरतेहून मुंबईला आले आणि ईस्ट इंडिया कंपनीसाठी जहाजं बांधू लागले. वाडियांनी सागवानातून घडवलेली जहाजं ब्रिटिश आरमारात गेली. त्यातलं 1817 चं ट्रिंकोमाली आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला पाहायला मिळतं.

रीतसर पाहिलं तर अर्देशीर यांनीही लाकूड, शिडं आणि दोरखंड यांच्यातच आयुष्य काढायला हवं होतं. 1822 साली ते गोदीत कामाला लागलेही. पण त्याच काळात जग बदलत होतं. शिडाच्या जहाजाला वाऱ्याची वाट पाहावी लागायची, वाफेच्या जहाजाला ती गरज नव्हती. 1829 मध्ये मुंबईतच बांधलेली ह्यू लिंडसे ही आगबोट पुढच्या वर्षी सुएझला जाऊन पोहोचली.

अर्देशीर यांचं मन लाकडातून उठलं आणि इंजिनात अडकलं.

त्यांनी माझगावच्या घरी एक हॉर्सपॉवरचं वाफेचं इंजिन बांधलं. विहिरीतलं पाणी उपसायला. आज हे ऐकायला किरकोळ वाटेल, कारण एक हॉर्सपॉवरची मोटर आज कुठल्याही विहिरीवर दिसते. पण ही गोष्ट बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली रेल्वे धावायच्या सुमारे वीस वर्षं आधीची आहे.

वाफेच्या इंजिनाचंही आपल्या गाडीसारखंच असतं. वाफ सिलिंडरमध्ये कधी सोडायची आणि कधी बाहेर काढायची, हे व्हॉल्व्ह ठरवतो. तो घडीभर आधी किंवा नंतर उघडला तरी ताकद वाया जाते. त्या काळच्या अनेक बोटींच्या इंजिनांत तर रॉकरचा थोरला भाऊ शोभेल असा भलामोठा लोखंडी दांडा मधोमध टेकूवर झुलायचा. एका टोकाला पिस्टन आणि दुसऱ्या टोकाला वल्ह्याची चाकं फिरवणारा दांडा. सगळं एका मापात बसलं तरच बोट चालायची.

घरच्या इंजिनावर हात बसल्यावर अर्देशीर यांनी इंग्लंडहून दहा हॉर्सपॉवरचं इंजिन मागवलं आणि स्वतः बांधलेल्या इंडस नावाच्या छोट्या बोटीत बसवलं. 1833 साली ही बोट पाण्यात उतरली.

पुढच्याच वर्षी त्यांनी माझगावचा आपला बंगला आणि बाग गॅसच्या दिव्यांनी उजळवली. खुद्द गव्हर्नर लॉर्ड क्लेअर ते पाहायला आले. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागायला त्यानंतर 1865 साल उजाडावं लागलं.

पण घरी शिकलेलं कसब कागदावर दिसत नाही. म्हणून 1839 मध्ये अर्देशीर इंग्लंडला निघाले. सुएझ कालवा तेव्हा खोदलेलाही नव्हता. आगबोटीने सुएझपर्यंत, मग इजिप्तमधून जमिनीवरून आणि पुन्हा बोटीने असा तो प्रवास होता. या प्रवासाची त्यांची रोजनिशी लंडनमध्ये 1840 साली छापली गेली. तिकडे त्यांनी कारखाने आणि गोद्या पालथ्या घातल्या, इंजिनं कशी घडवतात ते जवळून पाहिलं.

27 मे 1841 रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडलं. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. दुसरे भारतीय होते गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन, 1918 साली. म्हणजे मध्ये तब्बल 77 वर्षं गेली.

त्याच वर्षी आणखी मोठी गोष्ट घडली. मुंबईतल्या कंपनीच्या स्टीम फॅक्टरीत त्यांना चीफ इंजिनिअर आणि यंत्रांचा तपासनीस म्हणून नेमलं गेलं.

या नेमणुकीने खळबळ उडाली. कारण इथे फक्त देशी कारागीर नव्हते. गोरे इंजिनिअर आणि बॉयलर बनवणारेही अर्देशीर यांच्या हाताखाली येणार होते. तोपर्यंत उलटंच चालत आलं होतं. नेटिव्ह माणूस कितीही हुशार असला तरी तो गोऱ्यांवर हुकूम कसा चालवणार, अशी टीका मुंबईतल्या इंग्रजी पेपरात झाली.

त्यामुळे अर्देशीर यांच्यावर दुहेरी ओझं होतं. कंपनीच्या आगबोटींची इंजिनं चालू ठेवणं हे एक. बॉयलरमध्ये समुद्राचं खारं पाणी वापरत असल्याने आत मिठाचा थर साचायचा, सांधे गळायचे, चुकीच्या दुरुस्तीने भर समुद्रात बोट बंद पडण्याची भीती असायची. आणि दुसरं म्हणजे, गोऱ्या माणसाची चूक ही त्याची एकट्याची चूक ठरली असती, पण अर्देशीर चुकले असते तर सगळ्या हिंदी लोकांची लायकी काढली गेली असती.

या खुर्चीवर ते सोळा वर्षं टिकले. टीकेला उत्तर त्यांच्या कामाने दिलं.

मधल्या काळात ते थांबले नाहीत. 1849 मध्ये त्यांनी अमेरिका गाठली आणि तिथली लाकूड कापायची यंत्रं मुंबईला आणली. 1851 मध्ये लवजी फॅमिली नावाची आगबोट पाण्यात उतरवली. इंडसचं इंजिन विलायतेहून आलं होतं, या बोटीची यंत्रं मात्र त्यांच्या स्वतःच्या कारखान्यात घडली. विलायती इंजिन बसवण्यापासून इंजिन घडवण्यापर्यंतचं अंतर त्यांनी अठरा वर्षांत कापलं होतं. शिवणयंत्र, फोटोग्राफी अशा नव्या गोष्टी मुंबईकरांना दाखवणाऱ्या पहिल्या काही लोकांमध्येही त्यांचं नाव घेतलं जातं.

1857 साली ते नोकरीतून निवृत्त झाले. पुढे काही काळ सिंधू नदीवर बोटी चालवणाऱ्या कंपनीचं काम त्यांनी पाहिलं आणि मग इंग्लंडला स्थायिक झाले. 16 नोव्हेंबर 1877 रोजी लंडनजवळच्या रिचमंडमध्ये त्यांचं निधन झालं.

1969 साली भारत सरकारने त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं. तरीही रामानुजन यांचं नाव शाळकरी पोराला माहीत असतं आणि त्यांच्याआधी तोच मान मिळवलेल्या अर्देशीर यांचं नाव मुंबईतही फारसं कुणी घेत नाही. कदाचित इंजिनवाल्यांचं असंच होत असावं. गाडी सुरळीत चालत असली की आतल्या रॉकरची आठवण कुणालाच येत नाही.