बारा चटयांची तालीम

कुस्ती आणि तालीम हे शब्द आपल्या मातीत रुजलेले. त्यामुळे दूरच्या जपानात एका कॉलेजातील तरुणाने तालमीसाठी आयुष्य वेचले, हे वाचून मला मोठे नवल वाटले. तो तरुण म्हणजे ज्युदोचे जनक जिगोरो कानो.

कानो यांचा जन्म १८६० साली मिकागे या गावी एका सुखवस्तू घराण्यात झाला. आई लहानपणीच वारली. पुढे वडिलांनी त्यांना शिक्षणासाठी टोकियोला नेले. मुलगा बुद्धीने तल्लख, पण अंगाने किरकोळ. शाळेतील दांडगी मुले त्याला बुकलून काढीत. जुजुत्सू नावाच्या जुन्या विद्येने लहान चणीचा माणूसही थोराड गड्याला लोळवतो, असे त्याच्या कानावर आले आणि त्याला त्या विद्येचा ध्यास लागला.

पण शिकवणार कोण? १८६८ नंतर जपानमध्ये नव्याचे वारे वाहू लागले होते आणि जुन्या विद्या अडगळीत पडल्या होत्या. कित्येक वस्ताद हाडे बसवून पोट भरीत होते. वडिलांचाही या नादाला विरोध होता. तरीही कानोंनी हाडवैद्यांचे उंबरठे झिजवले. अखेर १८७७ साली, विद्यापीठात शिकत असताना, त्यांना फुकुदा हे गुरू लाभले. दोनच वर्षांत फुकुदा वारले. दुसरे गुरू इसो हेही १८८१ मध्ये गेले. कानोंनी तिसरा गुरू शोधला, पण विद्या सोडली नाही.

१८८२ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी टोकियोतील एईशोजी या बौद्ध मंदिरात स्वतःची तालीम काढली. तिचे नाव कोदोकान. जागा अवघ्या बारा चटयांची! जपानी चटई साधारण सहा फूट लांब व तीन फूट रुंद असते. म्हणजे सारा आखाडा एका मध्यम खोलीएवढा. पहिल्या वर्षी शिष्य नऊ. कानो दिवसा शाळेत शिकवीत आणि रात्री भाषांतरे करून तालमीचा खर्च भागवीत. मुले आपटून आपटून मंदिराची जमीन खचे, तेव्हा हे पदवीधर गुरुजी दिवा घेऊन फळ्यांखाली शिरत आणि मोडलेली लाकडे स्वतः दुरुस्त करीत.

त्यांनी जुन्या विद्येतील जिवावर बेतणारे डाव सरावातून बाजूला काढले. प्रतिस्पर्ध्याचा तोल ढळवून त्याचाच जोर त्याच्यावर उलटवायचा, हे सूत्र ठेवले. नव्या मुलाला आधी शिकवीत ते इजा न होता पडायचे कसे हे. मार खाल्लेल्या मुलानेच अशी तालीम काढावी, हे मला फार मोलाचे वाटते. बदला घेण्याची विद्या त्यांनी शिक्षणाची विद्या केली. १८९३ पासून ते स्त्रियांनाही शिकवू लागले.

तालमीची जागा अनेकदा बदलली. १९३४ साली कोदोकानची नवी इमारत उभी राहिली, तेव्हा तिच्यात पाचशेहून अधिक चटया होत्या. बारापासून तिथवर पोचायला बावन्न वर्षे लागली! मधल्या काळात कानो अध्यापक महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि १९०९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे पहिले आशियाई सभासद. १९३८ साली कैरो येथील बैठकीहून परतताना बोटीवरच त्यांचे निधन झाले. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्युदोचा समावेश झाला, तो पाहायला ते नव्हते.

आमच्या गावी व्यायामशाळेची इमारत कधी मंजूर होते याची वाट पाहता पाहता मुलांची एक पिढी मोठी झाली. मोकळे पटांगण होते, शिकवू शकणारी जुनी पैलवान मंडळीही होती. वाट पाहिली गेली ती फक्त छपराची. कानो श्रीमंताघरचे होते, हे खरे. पण एक उसनी खोली, नऊ मुले आणि रोज हजर राहणारा एक शिक्षक, एवढ्यासाठी श्रीमंती लागत नाही. घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या आमच्यासारख्यांनी शिकून गावाला काय द्यावे, असा प्रश्न पडतो. संध्याकाळचा एक तास देता येईल. बारा चटया कुठेही मावतात.