ज्ञानमंदिराचे आद्य शिल्पकार : डॉ. मुकुंदराव जयकर

मंदिर एका पिढीने उभारावे, दुसरीने राखावे आणि तिसरीने त्याचा जीर्णोद्धार करावा, अशी आपली जुनी रीत आहे. विद्येच्या मंदिरासही हाच न्याय लागू पडतो. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. मुकुंदराव रामराव जयकर यांचे चरित्र या दृष्टीने मनन करण्यासारखे आहे.

डॉ. जयकरांचा जन्म १३ नोव्हेंबर १८७३ रोजी मुंबईत झाला. १९०५ साली ते बॅरिस्टर झाले. १९२७ साली नेमलेल्या रस्ते समितीचे ते अध्यक्ष होते. पेट्रोलवरील जादा कराचा पैसा रस्त्यांसाठी राखून ठेवावा, ही त्या समितीची शिफारस. तीतूनच १९२९ साली केंद्रीय रस्ता निधी निर्माण झाला. १९३७ साली ते फेडरल कोर्टाचे न्यायाधीश झाले व पुढे प्रिव्ही कौन्सिलवरही गेले.

त्या काळी खानदेश, सातारा, सोलापूरकडील मुलांच्या पदव्यांचा कारभार दूर मुंबईहून चाले. महाराष्ट्रास स्वतंत्र विद्यापीठ हवे, ही मागणी जुनी होती. तिचा विचार करण्यासाठी १९४२ साली नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद जयकरांकडे आले. १९४८ साली विद्यापीठाचा कायदा झाला आणि कुलगुरुपदाची धुराही त्यांच्याच खांद्यावर आली. तेव्हा त्यांना पंचाहत्तरावे वर्ष लागले होते. मानमरातब सारे लाभले होते. कोणीही विश्रांतीच घेतली असती. परंतु ज्या कार्याचा आराखडा स्वतः आखला, त्याचे ओझे दुसऱ्यावर टाकणे त्यांना रुचले नाही.

ज्या गणेशखिंडीच्या माळावर १८१७ साली पेशवाईचा पराभव झाला, तेथेच पुढे इंग्रज गव्हर्नराचा प्रासाद उभा राहिला. तीच वास्तू मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या पुढाकाराने विद्यापीठास मिळाली. आरंभी १८ महाविद्यालये व सुमारे ८,००० विद्यार्थी एवढाच संसार होता. १९५० साली ग्रंथालय सुरू झाले. त्यास पुढे जयकरांचेच नाव देण्यात आले. १९५६ पर्यंत त्यांनी ही धुरा वाहिली. १० मार्च १९५९ रोजी त्यांचे देहावसान झाले.

त्यांनी लावलेल्या रोपाच्या फांद्या पुढे दूरवर गेल्या. १९६२ साली कोल्हापूरला व १९९० साली जळगावला स्वतंत्र विद्यापीठे झाली. मूळ विद्यापीठास २०१४ साली सावित्रीबाई फुले यांचे नाव लाभले. फळाची आशा न धरता उतारवयात पाया घालणाऱ्या या कर्मयोग्यास विनम्र अभिवादन!