संत तेरेजा आणि कार्मेल संघाची सुधारणा

घर जुने झाले म्हणजे त्याची डागडुजी करावी लागते, हे सर्व जाणतात. परंतु एखादा धर्मसंघ जुना झाला म्हणजे त्याची डागडुजी कोणी करावी, हा प्रश्न बिकट असतो. बाहेरच्यास तसा अधिकार नसतो, आणि आतला करू लागला तर त्याचेच बांधव त्याजवर रुष्ट होतात. ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी आम्ही आमच्या धर्मग्रामस्थांपुढे जिचे चरित्र ठेवीत आहोत, तिने हे कार्य संघात राहूनच केले. ती साध्वी म्हणजे स्पेन देशातील अविलाची संत तेरेजा होय.

तिचा जन्म 28 मार्च 1515 रोजी झाला. विशीत असताना तिने अविला येथील देहधारण मठात प्रवेश केला. हा कार्मेल संघाचा मठ दुराचारी नव्हता. मात्र शिथिल झाला होता. दीडशेहून अधिक भगिनी तेथे राहत. श्रीमंत घरच्यांस स्वतंत्र दालने, तर गरीब घरच्यांस निजावयास एकच सामाईक खोली असे. भेटीच्या दालनात पाहुण्यांची सतत वर्दळ असे, आणि अन्नाची टंचाई इतकी की, कित्येक भगिनींस आप्तांच्या घरी जाऊन राहावे लागे. तेरेजाही पुष्कळ वर्षे याच रहाटीत रमली होती. पुढे 1554 च्या सुमारास जखमांनी जर्जर झालेल्या ख्रिस्ताच्या प्रतिमेपुढे तिचे अंतःकरण द्रवले. संघाची सुधारणा खरोखर येथेच सुरू झाली. कारण तिने प्रथम स्वतःस सुधारले.

24 ऑगस्ट 1562 रोजी चार नवोदित भगिनींसह तिने अविला येथेच संत योसेफाच्या नावे एक लहानसा मठ उघडला. तेथील नियम मोजके होते. भगिनींची संख्या प्रारंभी तेराच असावी. उदरनिर्वाह हातचे काम व मिळेल ती भिक्षा यांवर व्हावा. घराण्याचा बडेजाव नसावा. आणि झाडलोटीच्या पाळीत पहिले नाव मठाध्यक्षेचे असावे. शहरात मोठा गहजब उडाला. नगरसभेने मठाविरुद्ध दावाही लावला. तथापि 1567 साली संघाचे मुख्याधिकारी अविलास आले, त्यांनी मठ पाहिला आणि असेच आणखी मठ स्थापण्यास अनुज्ञा दिली. क्रूसाचा संत योहान याच्या साहाय्याने 1568 साली पुरुषांच्या शाखेतही सुधारणा सुरू झाली.

खरी कसोटी 1571 साली आली. वरिष्ठांनी तेरेजेस तिच्या जुन्या देहधारण मठाची अध्यक्षा नेमले. तेथील भगिनींनी दाराशीच तिची वाट अडविली व आरडाओरड केली. तिने काय केले? अध्यक्षेच्या आसनावर तिने पवित्र मरियेची मूर्ती बसविली, तिच्या हाती मठाच्या किल्ल्या दिल्या आणि आपण तिच्या पायाशी बसली. आपल्या नव्या मठांचे कडक नियम तिने त्यांजवर लादले नाहीत. आधी उपाशी भगिनींच्या अन्नाची सोय केली. मग संत योहानास त्यांचा आध्यात्मिक मार्गदर्शक म्हणून आणविले. 1577 साली पुन्हा निवडणूक झाली, तेव्हा त्याच मठातील पन्नासांहून अधिक भगिनींनी तेरेजेस मत दिले व त्यापायी बहिष्काराची शिक्षाही सोसली. दार अडविणाऱ्या सहा वर्षांत अशा पालटल्या!

तो काळ तेरेजेसही फार कष्टाचा होता. संघाच्या 1575 सालच्या सभेने तिला नवे मठ स्थापण्यास मनाई करून एकाच मठात राहण्याची आज्ञा केली. तिने आज्ञा पाळली. परंतु राजास व वरिष्ठांस पत्रे लिहून आपली बाजू मांडणे सोडिले नाही. 1577 च्या डिसेंबरात संत योहानास तोलेदो येथे कोंडण्यात आले. अखेर 1580 साली पोप ग्रेगोरी तेरावे यांनी सुधारलेल्या मठांस स्वतंत्र प्रांत दिला. 4 ऑक्टोबर 1582 च्या रात्री आल्बा दे तोर्मेस येथे तिने देह ठेविला. त्याच रात्री पंचांग बदलल्यामुळे दुसरा दिवस 15 ऑक्टोबर मोजला गेला, आणि तोच तिचा सण ठरला. तोवर मठांची संख्या सतरा झाली होती. 1622 साली तिला संतपद मिळाले व 1970 साली ख्रिस्तसभेची आचार्या ही पदवी.

याच सुधारलेल्या शाखेच्या धर्मगुरूंकडे 1720 साली मुंबईच्या ख्रिस्तसभेचा कारभार आला. म्हणजे अविलाच्या त्या लहानशा मठाचे ऋण आपल्या किनाऱ्यावरही आहे. आपल्या धर्मग्रामातील मंडळे व संस्था यांतही नवे काही करू पाहणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांस दाराशी अडविणारेही आहेत. दोघांनीही तेरेजेकडे पाहावे. सुधारणा करू इच्छिणाऱ्याने झाडू प्रथम आपल्या हाती घ्यावा. आणि दार अडविणाऱ्याने आत येणाऱ्यास निदान बसू तरी द्यावे, अशी आमची नम्र विनंती आहे.