आजचं चिंतन : दरबारात न वाकलेले सोहिरोबानाथ



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १२, श्लोक १८ आणि १९.

भगवंताला कुठला भक्त आवडतो, त्याची लक्षणं या अध्यायात आली आहेत. मान-अपमान ज्याला सारखे, निंदा-स्तुती सारखी, आणि ज्याचं मन कुठल्याच घरात अडकलेलं नाही, असा भक्त. मी हे श्लोक इंजिनिअरिंगला असताना पाठ केले. अर्थ मात्र उशिरा कळला, आणि तो कळला आमच्याच जिल्ह्यातल्या एका माणसामुळे.

कसालहून हायवेने गोव्याकडे निघालं की कुडाळ, झाराप, इन्सुली करत बांदा लागतं. तिथले हे सोहिरोबानाथ आंबिये. जन्म १७१४, मूळ नाव अच्युत. घरी गावचं कुलकर्णीपण होतं, म्हणजे जमिनीचा आणि वसुलीचा सगळा हिशोब यांच्या वहीत. आपल्या भाषेत सांगायचं तर गावाचा अख्खा डेटाबेस! राज्य सावंतवाडीकरांचं. नोकरी मानाची, पिढ्यान्‌पिढ्या चालणारी.

एकदा वाडीच्या दरबारातून बोलावणं आलं. इन्सुलीच्या रानातून जाताना भूक लागली म्हणून त्यांनी पिकलेला फणस फोडला. तेवढ्यात एक अनोळखी साधू समोर आला आणि त्याने खायला मागितलं. यांनी गरे आधी त्याला दिले. ते साक्षात गहिनीनाथ होते आणि तिथेच उपदेश झाला, अशी आपल्याकडची श्रद्धा आहे. त्यानंतर सोहिरोबांनी कुलकर्णीपण सोडलं. वय साधारण पस्तीस. (मंडळी, माझंही वय तेवढंच आहे. हा आकडा वाचून मी जरा गप्पच झालो.)

पुढची बरीच वर्षं ते बांद्यातच राहिले. ‘सिद्धान्तसंहिता’, ‘अक्षयबोध’ असे ग्रंथ लिहिले, शेकडो पदं रचली. त्यातलं एक पद तुम्ही अभिषेकीबुवांच्या आवाजात नक्की ऐकलं असेल. मग साठीच्या सुमारास, ज्या वयात माणूस घर धरून बसतो, त्या वयात ते घर सोडून उत्तरेकडे निघाले.

तिकडे महादजी शिंद्यांचा काळ होता. दिल्लीचा बादशहाही त्यांच्या आधारावर होता. शिवाय महादजी स्वतः भाविक, पदं रचणारे. त्यांचे सरदार जिवबादादा बक्षी पेडण्याजवळच्या केरीचे, म्हणजे सोहिरोबांच्या मुलखातलेच. त्यांच्यामुळे भेट झाली. महादजींनी आपली कविता दाखवली आणि सोहिरोबांनी स्तुती केली नाही, असं सांगतात. दरबार नाराज झाला, तेव्हा त्यांनी एक पद म्हटलं. त्याचा भाव इतकाच, की मला तुमची गरज नाही. ते पद आजही गायलं जातं. पुढे १७९२ मध्ये रामनवमीला उज्जैनच्या मठातून ते निघून गेले, ते पुन्हा कुणाला दिसले नाहीत.

असा माणूस फक्त आपल्याकडेच झाला असं नाही. सोहिरोबांच्या जन्माआधी ६५ वर्षं, १६४९ मध्ये इंग्लंडात राजाचा शिरच्छेद झाला आणि प्रजासत्ताक आलं. त्या काळात जॉन बनियन नावाचा भांडी दुरुस्त करणारा एक साधा माणूस प्रवचनं करू लागला. १६६० मध्ये राजा परत आला. आता परवानगीशिवाय प्रवचन म्हणजे गुन्हा. बनियनला पकडलं. प्रवचन करणार नाही एवढं कबूल केलं असतं, तर तो घरी गेला असता. घरी बायको, चार मुलं, त्यात एक मुलगी आंधळी. त्याने कबूल केलं नाही आणि १२ वर्षं तुरुंगात काढली. त्याचं पुढे गाजलेलं पुस्तक १८४१ मध्ये ‘यात्रिकक्रमण’ नावाने मराठीतही आलं.

दोघांकडे पाहून मला एक गोष्ट कळली. सत्तेने बनियनला भीती दाखवली, सोहिरोबांना मान. भीती निदान ओळखता तरी येते. मान गोड लागतो, म्हणून आपण कधी वाकलो तेच कळत नाही.

आता माझं सांगतो. मागच्या वर्षी एका हरिनाम सप्ताहाचा बॅनर करायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी ‘कॉम्प्युटरवाला’. मंडळाने सांगितलं, साहेबांचा फोटो मोठा घे, मंडपाचे पत्रे त्यांनी दिलेत. पत्रे खरंच दिले होते, आणि त्यामुळे पावसात म्हातारी माणसं कोरडी बसली, हेही खरं. मी फोटो मोठा केला. विठोबा कोपऱ्यात गेला. कुणी जबरदस्ती केली नव्हती. उलट साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि मला बरं वाटलं. खुपतंय ते हेच.

परवा पुन्हा फोन आला, तीच फाइल वापर म्हणून. ती उघडून बसलोय. पत्र्यांबद्दल आभाराची एक ओळ खाली घालणार आहे, ती घालायलाच हवी. पण मध्ये विठोबाच राहील. मंडळातले काका रागावतील, पुढच्या वेळी काम दुसऱ्याला देतील. देऊ देत. लिहितोय खरं, पण फोन करायचा अजून बाकी आहे.

आजचा अभ्यास : आज कुणी तुमचं कौतुक केलं, तर दोन मिनिटं थांबा आणि स्वतःला विचारा, याच्या बदल्यात मी काय लहान केलं?

उद्या श्लोक २०. राम कृष्ण हरि!