दादासाहेब फाळके : चित्रकलेचा विद्यार्थी

दादासाहेब फाळके यांचे पूर्ण नाव धुंडिराज गोविंद फाळके. त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. म्हणजे ते आपल्याच नाशिक जिल्ह्याचे. भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट त्यांनी काढला, हे आपण सामान्यज्ञानाच्या तासाला पाठ करतो. पण ते आधी चित्रकलेचे विद्यार्थी होते, हे पुष्कळांना माहीत नसते. म्हणून मी त्यांच्या शिक्षणाविषयीच जास्त लिहिणार आहे.

त्यांचे वडील संस्कृतचे शास्त्री. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात नोकरी मिळाली आणि बिऱ्हाड मुंबईला गेले. शास्त्रीबुवांच्या मुलाने पोथी हातात धरावी, अशी त्या काळची रीत. पण धुंडिराजाने १८८५ साली, पंधराव्या वर्षी, सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये नाव घातले. ही शाळा १८५७ सालची. २०२३ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. चित्रकलेचे विद्यापीठच झाले म्हणा ना!

पुढे ते थोरल्या भावाबरोबर बडोद्याला गेले. तिथे सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली कलाभवन सुरू झाले. प्राध्यापक गज्जर त्याचे प्रमुख होते. धुंडिराज तिथे तैलरंग, जलरंग आणि फोटोग्राफी शिकले. कलाभवनात विणकाम आणि रंगाईसुद्धा शिकवत. हे वाचून मला फार बरे वाटले, कारण आमच्या घरी पैठणीचा माग आहे. पदरावरचा मोर आधी चौकटीच्या कागदावर घरे मोजून काढतात, मग तो मागावर उतरतो. चित्र काढून पोट भरते का, असे मोठी माणसे विचारतात. येवल्यात तर चित्रावरच कितीतरी घरांची चूल पेटते!

दादासाहेबांचे पोट मात्र कधी भरले, कधी नाही. गोध्र्याला त्यांनी फोटोचा धंदा काढला. तिथे प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल गेले. मग नाटकाचे पडदे रंगवले, पुराणवस्तू खात्यात नोकरी केली, ती सोडून छापखाना काढला.

१९११ साली मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. आपले राम-कृष्ण असे पडद्यावर का येऊ नयेत, हा विचार त्यांच्या डोक्यात बसला. ध्यासापायी डोळ्यांना इजा झाली, काही दिवस दिसेना. तरी १९१२ साली विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन आले.

आता गंमत ऐका. पैसे कोण देणार? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडेथोडे चित्रण केले. महिनाभराने फिल्म फिरवली, तर पडद्यावर भराभर वेल वाढला! ते पाहून कर्ज मिळाले. मी पण वहीच्या कोपऱ्यात तीस पानांवर मटकीचा मोड काढला आणि पाने फुर्रकन सोडली. मोड खरंच वाढतो, करून बघा.

मग ‘राजा हरिश्चंद्र’ सुरू झाला. बाई काम करायला मिळेना, म्हणून खानावळीतल्या साळुंके नावाच्या माणसाने तारामती केली. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला आणि रात्री फिल्म धुतली. माझ्या मते निम्मा मान त्यांचा आहे. पडदे, वेष, फोटो, अंधाऱ्या खोलीतले काम, सगळीकडे दादासाहेबांचे जुने शिक्षण उपयोगी पडले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात चित्रपट लागला. तेव्हा त्यांना ४३ वर्षे नुकतीच पूर्ण झाली होती.

नंतर ते नाशिकला आले. ‘लंकादहन’ १९१७ साली आला आणि फार चालला. ‘कालिया मर्दन’मध्ये (१९१९) त्यांची लेक मंदाकिनी कृष्ण झाली. पुढे बोलपट आले आणि त्यांचा जमाना ओसरला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकच बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. १९६९ पासून त्यांच्या नावाने चित्रपटाचा मोठा पुरस्कार देतात. नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारकही आहे.