सॅम्युएल शार्प : दोन धनी नाकारणारा गुलाम

जोतीरावांच्या ‘गुलामगिरी’ या ग्रंथामुळे अमेरिकेतील गुलामांची ओळख आपल्या समाजाला फार पूर्वीच झाली. जमैका बेटावरील सॅम्युएल शार्प यांचे नाव मात्र आपल्याकडे क्वचितच घेतले जाते. आम्हांला त्यांचे चरित्र मोलाचे वाटते. धर्म माणसाला वाकवितो की उभा करतो, हा प्रश्न तेथे प्रत्यक्ष कसोटीला लागला.

शार्प जन्मानेच गुलाम. नावसुद्धा धन्याचेच. पण मॉन्टेगो बे या गावात राहून त्यांनी एक दुर्मीळ गोष्ट मिळविली होती : अक्षरज्ञान. बॅप्टिस्ट चर्चने त्यांना डीकन, म्हणजे मंडळीचा सेवक, नेमले आणि प्रार्थनेच्या निमित्ताने उसाच्या मळ्यांवर फिरण्याची वाट मोकळी झाली. मळेवाल्यांच्या चर्चला गुलामगिरीत पाप दिसत नव्हते. मिशनरी गुलामांना धीर धरा, आज्ञा पाळा असे शिकवीत. शार्प यांनी मात्र ग्रंथ स्वतः वाचला. एका सेवकाला दोन धनी असू शकत नाहीत, या बायबलमधील शिकवणुकीचा अर्थ त्यांनी सरळ लावला : देव धनी असेल, तर मळेवाला धनी नव्हे. ब्रिटनमधील मुक्तीच्या चळवळीच्या बातम्याही ते वर्तमानपत्रांतून वाचत व रात्रीच्या प्रार्थनेनंतर सोबत्यांना सांगत.

त्यांची मूळ योजना संपाची होती. १८३१ च्या नाताळची सुटी संपल्यावर मजुरीशिवाय कामावर जायचे नाही, अशी शपथ बायबलवर घेतली गेली. विल्यम निब या मिशनऱ्याने २७ डिसेंबरला गुलामांना परोपरीने आवरले. त्याच रात्री केन्सिंग्टन मळा पेटला. पाहता पाहता सुमारे ६०,००० गुलाम उठले. या उठावात १४ गोरे मेले. गुलाम मात्र लढाईत व फासावर मिळून पाचशेहून अधिक. गोऱ्या जमावांनी मग बॅप्टिस्टांची प्रार्थनामंदिरे जाळली. भय कशाचे वाटले, हे त्यावरून कळते.

२३ मे १८३२ रोजी मॉन्टेगो बेच्या बाजारात शार्प यांना फाशी झाली. मालमत्ता गेली म्हणून त्यांच्या धन्याला १६ पौंड १० शिलिंग भरपाई मिळाली. पुढच्याच वर्षी ब्रिटिश संसदेने गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला. पूर्ण मुक्तीस १८३८ उजाडले. बंदराच्या वाळूत पुरलेला शार्प यांचा देह पुढे काढून त्यांच्याच मंडळीच्या चर्चमध्ये, प्रवचनपीठाखाली ठेवण्यात आला.